दुसऱ्या रांगेतली जागा

१

झेंड्याच्या दिवशी गल्लीचा फोटो काढायचा तो वाचनालयाच्या पायऱ्यांवरच, आणि काढायचा तो राष्ट्रगीत झाल्यावर पण सरबताच्या आधी. सरबत एकदा हातात पडलं की माणसं पांगतात, आणि पांगलेल्यांना पुन्हा पायऱ्यांवर आणायचं म्हणजे कोंबड्या खुराड्यात घालण्यातली गत. दोन आत गेल्या की तीन बाहेर. फोटोकाका हे दरवर्षी सांगायचे, दरवर्षी लोक हसायचे, आणि त्या हसण्यावरच काका बटण दाबून मोकळे व्हायचे.

ऐन उन्हाळ्यातली सुट्टी ती. राज्याचा दिवस. बँडवाल्यांच्या पितळी कर्ण्यांना हात लावला तर चटका बसेल असं ऊन. सगळ्यात खालच्या पायरीवर गुडघे धरलेली माणसं बसणार, वरच्या पायरीवर दुसरी रांग उभी राहणार, तिच्यामागे तिसरी. आणि दुसऱ्या रांगेत, डावीकडून पाचवी, एक माणूस मावेल एवढी जागा सोडायची. ती फोटो काढणाऱ्याची.

कारण सगळ्या गल्लीचा फोटो, आणि त्यात काढणाराच नाही, हे काकांच्या बायकोला पहिल्याच वर्षी खटकलं होतं. तिला गल्ली ब्रशकाकू म्हणायची. खाली स्टुडिओ, वर घर. काका फोटो काढायचे आणि काकू मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून ते सुधारायच्या. गालावरचा फोड पुसायचा, मिटलेला डोळा उघडायचा, नेगेटिव्हवरचा डाग बारीक ब्रशानं भरायचा. काकूंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, अक्षर लागत नव्हतं. पण चेहरा वाचायचा तो त्यांनीच.

तर त्या पहिल्या वर्षी काकूंनी काकांचा वेगळा फोटो घेऊन कमरेपर्यंत कापला. खालचं हवं कशाला? पुढच्या रांगेतली डोकी झाकतातच. तो त्या मोकळ्या जागेत चिकटवला, कडेवरून ब्रश फिरवला आणि सगळ्याचा पुन्हा एक फोटो घेतला. काका रांगेत उभे. कुणाला सांधा दिसेना.

ते कात्रण काकूंनी बटर पेपरात घालून बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. वाचनालयाच्या भिंतीवर ओळीनं फोटो लागत गेले. गल्लीची पोटं सुटली, टक्कलं पडली, पोरांना मिशा फुटल्या. काका मात्र अडतीस वर्षांचे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, केस काळेभोर.

"आमचे पिकले आणि तुझे कसे रे काळे?" पोस्टातले भाऊ विचारायचे.

"तुम्हाला उन्हात ठेवतात," काका म्हणायचे, "मला डब्यात."

एक गोष्ट मात्र काकूंनी कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा. पहिल्यांदा कापताना कात्री सटकली होती आणि काकांचा डावा कान गेला होता. तो त्या दरवर्षी ब्रशानं काढायच्या.

२

काका गेले त्याला यंदा तिसरा उन्हाळा.

पहिल्या उन्हाळ्यात पायऱ्यांवर सगळे उभे राहिले आणि पाचव्या जागेपाशी येऊन थबकले. दोघेतिघे सरकायला लागले. मग पोस्टातले भाऊच म्हणाले, "अरे सरकताय काय? काकांची जागा सोडा." सोडली. काकूंनी घरी येऊन डबा उघडला. हाताला सवय होती, हातानंच केलं सगळं. फोटो भिंतीवर लागला तेव्हा बायका डोळे पुसत होत्या, आणि काकूंना वाटलं, आपण काही वाईट नाही केलं.

दुसऱ्या उन्हाळ्यातही तेच झालं. यंदा मात्र मुलगा सकाळीच म्हणाला, "आई, पुरे आता. किती दिवस बाबांना उभं करायचं?"

"उभं राहून त्यांचे पाय दुखतात का?" काकू म्हणाल्या.

मुलगा चपला घालू लागला. त्याचं खाली स्टुडिओच्या जागी झेरॉक्सचं आणि छपाईचं दुकान होतं. मागची अंधारी खोली तेवढी त्यानं आईसाठी तशीच ठेवली होती.

कॅमेरा आता कुणाकडेच नव्हता. जो तो आपला फोन घेऊन खाली उतरायचा, एक काढायचा, पुन्हा रांगेत जाऊन उभा राहायचा. मग दुसरा उतरायचा. पोस्टातल्या भाऊंचे गुडघे यंदा बोलायला लागले होते, म्हणून ते खालच्या पायरीवर बसले. त्यांची जागा, म्हणजे मोकळ्या जागेच्या पलीकडची, रिकामी झाली. तिथे काकूंची नात जाऊन उभी राहिली.

नातीला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि नाव काही उगीच पडलं नव्हतं. सहा वर्षांची पोर, पण सहा सेकंद एका जागी टिकेल तर शपथ. तिचा एक फोटो धड नव्हता. वाढदिवसाच्या फोटोत केकवर एक धूर, तीच ती. शाळेच्या ओळखपत्रावर तर नुसती वेणी.

"मी आजोबांच्या शेजारी," ती म्हणाली, आणि मोकळ्या जागेकडे पाहून एका पायावर नाचली.

"नाच, पण फोटोपुरती थांब गं बाई," सून खालून ओरडली. "एकदा तरी मला तुझं नाक बघू दे."

पहिला फोन वर झाला. बँडवाल्यांचं एक कडवं चुकून पुन्हा वाजलं, लोक हसले. तेवढ्यात काकूंच्या नाकाला वास आला. आंबट, जरा गंधकासारखा. हायपोचा वास. फोटो धुवायचं ते पाणी घरातून जाऊन पंधरा वर्षं झाली होती. काकूंनी उजवीकडे पाहिलं. मोकळी जागा, आणि तिच्या पलीकडे भिंगरी, समोर बघत, शहाण्यासारखी उभी.

उन्हानं डोकं फिरतं माणसाचं, काकूंनी मनाशी म्हटलं, आणि त्याही समोर बघू लागल्या.

३

दुपारी जेवणं झाली तशी फोनवर टिंग टिंग सुरू झाली. गल्लीच्या ग्रुपवर जो तो आपापला फोटो टाकत होता. अकरा फोन, अकरा फोटो. मुलानं आईच्या शेजारी बसून एकेक दाखवायला घेतला.

"हा औषधवाल्यांचा. अंगठाच आलाय अर्धा. हा बाईंचा, शाळेच्या. हा बघ, पोस्टातले भाऊ झोपलेत."

"झोपले नाहीत, पापणी लवलीय," काकू म्हणाल्या. "पुढे कर."

प्रत्येक फोटोत रांग जरा हललेली. कुणी कान खाजवतंय, कुणी शेजाऱ्याच्या कानात सांगतंय. काढणारा त्या त्या फोटोत नाही. मोकळी जागा अकराही फोटोंत मोकळीच. काकू मागे टेकून बसल्या. मग सून मागून वाकली आणि आनंदानं ओरडली, "अगंबाई! भिंगरी आली! नाकासकट आली!"

खरंच आली होती. ना धूर, ना नुसती वेणी. डोळे, नाक, कपाळावर आलेली एक बट, हसताना दिसणारी पडलेल्या दाताची फट. इतकी स्वच्छ की आजूबाजूचे सगळे तिच्यापुढे पुसट वाटावेत.

"पुढचा दाखव," काकू म्हणाल्या.

पुढच्यातही तशीच.

"पुढचा."

अकरा फोटो. अकरांत भिंगरी, तेच हसू, तीच बट, डोकं त्याच बाजूला तेवढंच कललेलं. औषधवाले उंच, त्यांनी वरून काढलेला. शाळेच्या बाई ठेंगण्या, त्यांनी खालून. मोकळ्या जागेच्या अलीकडचे, पलीकडचे सगळे त्या त्या हिशेबानं कललेले. पोर तेवढी समोरून.

"हे बरं नाही," काकूंच्या तोंडून निघून गेलं.

"काय बरं नाही?"

"अकरा जणांनी काढलेली एक पोर अकरा तऱ्हांनी दिसायला हवी."

मुलगा हसला. "आई, हल्लीचे फोन स्वतःच नीट करतात. चार फोटो आतल्या आत काढतात आणि त्यातला चांगला चेहरा उचलून लावतात. तू ब्रशानं करायचीस ना, तेच. तुझी नोकरी गेली, एवढंच."

काकूंना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. पण अकरा वेगवेगळे फोन एकच चेहरा उचलतात का, हे त्यांनी विचारलं नाही. मुलगा सुखानं हसत होता, सून फोटो माहेरी पाठवत होती, आणि भिंगरी कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती.

बसली होती. हे काकूंच्या लक्षात आलं ते उशिरानं.

४

मुलानं अकराही फोटो त्याच दुपारी छापून मागच्या खोलीत ठेवले होते. दुसऱ्या दिवशी काकू खाली मागच्या खोलीत गेल्या, खिडकीवरचं जुनं काळं फडकं बाजूला सारलं आणि दोन फोटो एकावर एक ठेवून काचेला लावले. ही त्यांची जुनी रीत. उजेड मागून आला की लबाडी लपत नाही.

एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा खांदा बसेना. डोकी दुप्पट झाली, हात चार झाले, गर्दीचा नुसता गोंधळ. त्या गोंधळात एकच चेहरा एकेरी. बटेवर बट, दातावर दात. तिसरा फोटो लावला, चौथा लावला, तरी एकच.

मग त्यांनी भिंग घेतलं. नातीच्या केसांभोवती, गालाभोवती, बाहीभोवती एक केसाएवढी पांढरी रेघ होती. दुसऱ्या कुणाला दिसली नसती. काकूंनी मात्र जन्मभर तीच रेघ पुसत पोट भरलं होतं. कागद कापला की आतला पांढरा दिसतो, ती ही रेघ. तिच्यावरून ब्रश फिरवायचा राहिला होता.

काकू भिंग खाली ठेवून स्टुलावर बसल्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतायत, जाड चष्म्यातून नसतं तेही दिसायचं. असं म्हणून पाहिलं. मग फोटोंची चळत टेबलावर ठेवून उठल्या.

वर गेल्या तर सून ताटं पुसत होती.

"आई, तुम्ही काल दुपारी खाली होतात का?"

"नाही गं. फोटो बघितले आणि डोळा लागला माझा. का?"

"कात्रीचा आवाज येत होता. तुमच्यासारखा. कच्, कच्, मग जरा थांबून पुन्हा कच्. म्हटलं आई बसल्या वाटतं कामाला." ती ताट ठेवून वळली. "दुकान तर सुट्टीचं बंद होतं. बाहेरून आला असेल, नाही का?"

"बाहेरूनच," काकू म्हणाल्या.

५

भिंगरी खुर्चीवरून उठेना.

पहिल्या दिवशी सुनेनं देवाचे आभार मानले. चला, घराला एक दिवस तरी शांतता. दुसऱ्या दिवशी तिनं चेंडू दाखवला, मग दोरी, मग शेजारच्या मांजराचं पिल्लू आणून मांडीवर ठेवलं. पोर हसली. तेच हसू. पिल्लू आपणहून उतरून निघून गेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले, गुडघ्यावर टकटक केलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, "ऊन लागलंय. पाणी पाजत राहा. दोन दिवसांत तुमचं छप्पर खाली आणेल."

डॉक्टर गेल्यावर सून स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडली. मुलगा जिन्यात उभा राहून फोनवर मोठ्या इस्पितळाची वेळ मागत होता. काकू नातीसमोर जमिनीवर बसल्या.

"काय गं सोने, कंटाळा नाही आला बसून?"

"हलायचं नाही," भिंगरी ओठ फारसे न हलवता म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"आजोबा. हललं की खराब येतं."

काकूंनी तिचा हात हातात घेतला. हात गार होता, आणि इतका हलका की त्यांना दचकायला झालं.

"आजोबा कुठे भेटले तुला?"

"मधे होते ना. तुझ्या आणि माझ्या मधे." पोरीनं जरा विचार केला. "आजी, त्यांना पाय का नाहीत?"

स्वयंपाकघरात नळ टपटपत होता. काकूंनी चार थेंब मोजले.

"ते पुढच्या लोकांच्या मागे उभे असतील," त्या म्हणाल्या. "म्हणून दिसले नसतील तुला."

"नाही. मी वाकून पाहिलं. खाली काहीच नव्हतं, नुसती पायरी." आणि मग, कुणाचं गुपित सांगावं तसं हळूच, "एक कान पण नाहीये. तो म्हणे तू काढतेस. यंदा काढलाच नाहीस म्हणाले."

काकूंनी तिच्या पावलावर हात ठेवला.

"माझ्या पण पायांना मुंग्या आल्यात," भिंगरी म्हणाली. "आधी होत्या. आता काहीच नाही."

६

संध्याकाळचे पाच वाजले असतील. ऊन अजून रस्त्यावर पसरलेलं होतं. काकू जिना उतरून मागच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं आणि फळीवरून बिस्किटांचा डबा काढला.

झाकण घट्ट असायचं; अंगठ्याला जोर द्यावा लागायचा. आज हात लावला आणि निघालं. बटर पेपराची घडी उलगडली. आत काका होते. पांढरा शर्ट, काळे केस, डाव्या कानाच्या जागी काही नाही.

आणि त्यांच्या कोपराला बिलगून भिंगरी. पोटापर्यंत कापलेली. तेच हसू, तीच बट.

शेजारी ठेवलेल्या अकरा फोटोंतला सगळ्यात खालचा त्यांनी ओढला. त्यात दुसऱ्या रांगेत पोरीच्या आकाराचं भोक होतं, आणि भोकातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

काकूंनी भिंग लावलं नाही. लावायची गरज नव्हती. कात्री म्हणजे माणसाचं अक्षर असतं, आणि ज्यांना अक्षर येत नाही त्यांचं तर तेवढंच असतं. केसांशी आलं की काकू कात्री न वळवता कागद वळवायच्या, त्यानं कडेला बारीक टप्पे पडायचे. हे टप्पे त्यांचेच होते. हात त्यांचाच होता. मग आपणच कापलं का? झोपेत उठून, जिना उतरून? त्यांनी आठवून पाहिलं. आठवली ती फक्त दुपार, उशी आणि डोळा लागण्याआधीचा फोनचा टिंग.

आधी काडीपेटीच आठवली. मग वाटलं, पोर त्याला चिकटलीय. जाळलं तर काय काय जळेल कुणी सांगावं?

त्या कात्रणाकडे बघत बसल्या. हा माणूस कोण? त्यांच्या नवऱ्याला शेवटी शेवटी दम लागायचा, पायऱ्या चढताना तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवायचा, चहा बशीत ओतताना सांडायचा आणि "बशीच गळकी आहे" म्हणायचा. तो म्हातारा झाला, तो गेला, त्याला जाताना काकूंनी डोळ्यांनी पाहिलं. हा त्यातला कुणीच नव्हता. याला कधी दम लागला नाही. वर्षातून एक सकाळ उजेड, बाकी सगळं वर्ष पत्र्याचा डबा. नवरा होता तोवर ठीक होतं. तो गेल्यावर त्याची जागा मोकळी ठेवली काकूंनी, आणि ती भरायला हाच होता.

टेबलाच्या मागे भिंतीला टेकवून एक चकचकीत पत्रा उभा होता. पूर्वी ओले फोटो चमक यावी म्हणून त्यावर वाळत घालायचे. काकूंनी पाण्याच्या वाटीसाठी हात पुढे केला आणि पत्र्यात काहीतरी पांढरं दिसलं. अर्धी बाही. त्यांच्या उजव्या खांद्यामागे, पण खाली. बसलेल्या माणसाच्या उंचीवर, जिथे खुर्ची नव्हती तिथे. तरुण गाल. केस. वास आला, आंबट.

काकूंच्या कोपराचा धक्का टेबलाला लागला आणि पत्रा कणभर कलला. त्याबरोबर ती बाही अरुंद होत गेली, चेहरा अरुंद होत गेला, आणि सगळं मिळून एक उभी रेघ झाली, कागद कडेनं धरल्यावर दिसते तशी. मग रेघही दिसेना.

काकू मागे वळल्या नाहीत.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनाच परका वाटला. "ती लहान आहे. तिला जाऊ द्या. मी येते."

मग ब्रश ओला करून त्यांनी काकांच्या कोपरापासून पोरीचा हात सोडवायला घेतला. एकेक बोट. कागद फाटू न देता. अर्धा तास लागला. पोर सुटली तशी त्यांनी तिला भोकात ठेवलं. टप्प्याला टप्पा बसला. मागून पट्टी लावली, पुढून कडेवर रंग भरला, पांढरी रेघ पुरती झाकेपर्यंत. जन्मात एवढं स्वच्छ काम त्यांच्या हातून झालं नव्हतं.

मग दुसरा फोटो घेतला, कात्री उचलली आणि मोकळ्या जागेच्या अलीकडची बाई कापायला लागल्या. जाड चष्मा, पांढरे केस, समोर बघणारी. केसांशी आल्यावर कागद वळवला. कच्. थांबून पुन्हा कच्. कमरेपाशी कात्री जराशी थांबली, मग तीही रेघ कापली.

काकांच्या कानाच्या जागी ब्रशानं कान काढला. दोघांना बटर पेपरात शेजारी शेजारी ठेवलं. झाकण लावलं, अंगठ्याला जोर द्यावा लागला.

तेव्हाच वरून आवाज आला. धप्. मग धप् धप् धप्, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग काहीतरी पडून फुटल्याचा आवाज, आणि सुनेची किंकाळी, "अगं हळू, कार्टे! अगं हळू!" ती ओरडत होती आणि मोठमोठ्यानं रडत होती.

छपराची धूळ काकूंच्या टेबलावर पडली. त्यांनी ती पुसली नाही.

७

पुढच्या वर्षी झेंड्याच्या दिवशी वाचनालयाच्या पायऱ्यांवर ऊन तसंच होतं. लोक आपसूक पाचव्या जागेपाशी थांबले.

"सरका," काकू म्हणाल्या. "जागा सोडायची नाही."

"वहिनी, काकांची..." पोस्टातले भाऊ खालून म्हणाले.

"काका गेले, भाऊजी. सरका म्हणते ना."

माणसं सरकली. खांद्याला खांदा लागला. भिंगरीला काकूंनी तिसऱ्या रांगेत, बापाच्या खांद्यावर बसवलं आणि बजावलं, "हलत राहा. काय वाटेल ते झालं तरी हलत राहायचं."

"आजी, सगळे तर थांब म्हणतात!"

"त्यांना काय कळतंय?"

दुपारी टिंग टिंग सुरू झाली. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. वर्षभरात त्यांचं चालणं कमी झालं होतं. वय झालं, घरचे म्हणायचे, आणि त्याही तेच म्हणायच्या. हिवाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र छान झालं होतं. चष्मा सुटला होता. पोर समोरून धावली तर तिच्या पायातल्या मोज्याचं भोकसुद्धा दिसायचं.

मुलगा फोन घेऊन शेजारी येऊन बसला. "आई, बघ तुझ्या नातीचे प्रताप."

पहिल्या फोटोत बापाच्या डोक्यावर एक धूर. दुसऱ्यात दोन वेण्या, मधे चेहरा नाही. तिसऱ्यात नुसता हात, झेंड्यासारखा फडकणारा. एकाही फोटोत नाक नव्हतं. सून कपाळाला हात लावून हसत होती. जन्मभर हललेल्या फोटोंना नावं ठेवलेल्या काकूंनी यंदाचे ते बारा फोटो पुन्हा पुन्हा पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"तू मात्र छान आलीस हं," मुलगा म्हणाला. "सगळ्यांत छान. बाकीचे डुलतायत आणि तू अगदी स्थिर." त्यानं फोटो बोटांनी मोठा केला, मग आणखी मोठा केला. त्याचं हसू जरा रेंगाळलं. "आई... तुझा चष्मा सुटला ना? मग या फोटोत चष्मा कसा?"

काकूंनी फोनकडे पाहिलं. पाहायची गरज नव्हती.

"फोनच करतो रे तसं," त्या म्हणाल्या. "तूच सांगितलंस ना मला. आतल्या आत जुना चेहरा उचलतो आणि लावतो."

"हो," मुलगा म्हणाला. "हो, तसंच असेल."

तो खाली दुकानात गेला. सून ताटं घ्यायला गेली. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि काकूंच्या पावलांवर पडलं होतं. पण ऊन लागतंय असं पावलांना काही वाटत नव्हतं. बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. उजव्या बाजूनं वास येत होता, आंबट, ओळखीचा.

"भिंगरी," काकूंनी ओठ फारसे न हलवता हाक मारली. "पळ बाळा. सबंध घरभर पळ. मला आवाज ऐकू दे."

पोर पळाली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, धप् धप् धप्. काकू समोर बघत ऐकत राहिल्या, डोकं जरासं उजवीकडे कलवून, अगदी स्थिर.